वल्ही, गंधक आणि मागचे डोंगर

व्हँकूवरच्या बंदरात, लायन्स गेट पुलाच्या थोडं पूर्वेला, पाण्याच्या अगदी कडेला गंधकाचा एक प्रचंड ढीग उघड्यावर पडलेला असतो. रंग इतका झगझगीत पिवळा की ढगाळ दिवशीही लांबून आधी तोच डोळ्यांत भरतो. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात नैसर्गिक वायू शुद्ध करताना वेगळा निघणारा गंधक रेल्वेने इथे येतो, साठतो आणि जहाजांत भरून परदेशी जातो. त्याचा बराच भाग शेवटी खतांच्या कारखान्यांत संपतो. शहराच्या पोस्टकार्डांवर मात्र हा ढीग सहसा नसतो. डोंगर असतात, पूल असतो, निळंशार पाणी असतं. फोटो काढणारा चार पावलं सरकून ढीग फ्रेमबाहेर घालवतो, नाहीतर घरी जाऊन संगणकावर पुसून टाकतो.

मला ही पुसापुशी पटत नाही. त्यातून विषय रोइंगचा असेल तर अजिबातच नाही. डोंगराच्या कुशीतल्या शांत तळ्यावर वल्हवणारी माणसं जगात पुष्कळ ठिकाणी सापडतील. पण क्रेन, धान्याची कोठारं, टगबोटी आणि सव्वादोनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं यांच्या मधून जेमतेम दोन फूट रुंदीची शर्यतीची नाव निघाली आहे आणि मागे बर्फाचे डोंगर उभे आहेत, असं दृश्य फार थोड्या ठिकाणी मिळतं. व्हँकूवर हे त्यातलं एक. इथे बंदराचं कामकाज हीच फोटोची खरी मिळकत आहे, आणि ते फोटोत कसं येतं हे कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं.

आधी जागा समजून घेऊ. बरार्ड इनलेट हा जमिनीत आत घुसलेला समुद्राचा फाटा. हिमयुगातल्या हिमनद्यांनी खोदलेला. त्यामुळे मोठी जहाजं थेट शहराच्या पायरीपर्यंत येतात, आणि कॅनडातलं सर्वांत मोठं बंदर इथे उभं राहिलं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दक्षिण काठावर व्हँकूवरच्या काचेच्या इमारती, उत्तर काठावर नॉर्थ व्हँकूवरचे धक्के, आणि त्या धक्क्यांच्या मागे लगेच डोंगर. ग्राउस माउंटन 1,231 मीटर, सीमूर 1,449 मीटर, आणि त्यांच्याही मागून डोकावणारी ‘लायन्स’ ही जोडशिखरं सोळाशे मीटरच्या वर. स्क्वामिश लोकांसाठी ही दोन शिखरं म्हणजे दोन बहिणी आहेत. आपल्या कळसूबाईच्या जवळपासची ही उंची, पण कळसूबाई दिसतं ते आधीच उंचावलेल्या पठारावरून. इथे पाहणाऱ्याचे पाय समुद्रसपाटीवर असतात आणि वीस किलोमीटरच्या आत सगळी उंची एकदम अंगावर येते.

दक्षिण काठाला, स्टॅनली पार्कच्या आडोशाला, कोल हार्बर नावाची खाडी आहे. स्टॅनली पार्क म्हणजे शहराला चिकटून राखलेलं चारशे हेक्टरचं जंगल, 1888 सालापासून लोकांसाठी खुलं. त्याच्या कडेला व्हँकूवर रोइंग क्लबची 1911 साली बांधलेली लाकडी इमारत अजून उभी आहे. हा क्लब हौशी मंडळींचा विरंगुळा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. 1950च्या दशकात फ्रँक रीड नावाच्या प्रशिक्षकाने ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातली पोरं आणि हा क्लब यांची मोट बांधली. 1954च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, तेव्हा तिला एम्पायर गेम्स म्हणत, त्यांच्या आठ जणांच्या संघाने इंग्लंडला हरवलं. दोन वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आठांच्या संघाला रौप्य मिळालं, आणि त्याच संघाचे राखीव म्हणून गेलेल्या चौघांनी कॉक्सशिवायच्या, म्हणजे नावेत सुकाणू सांभाळणारा वेगळा माणूस नसलेल्या, चौघांच्या शर्यतीत सुवर्ण पटकावलं. 1964ला टोकियोत जॉर्ज हंगरफोर्ड आणि रॉजर जॅक्सन या जोडीनेही सुवर्ण आणलं. तेव्हा भल्या पहाटे इथल्या धुक्यातून एखादी नाव निघाली, तर तिच्यात ऑलिंपिकचं स्वप्न बसलेलं असण्याची शक्यता अगदीच कमी नसते.

आता फोटोकडे वळू. ‘लांब लेन्स डोंगर जवळ ओढते’ हे वाक्य फोटोग्राफीच्या प्रत्येक शिबिरात ऐकू येतं. लेन्स काहीही ओढत नाही. नाव आणि डोंगर यांचं आपसातलं प्रमाण ठरतं ते फक्त तुमच्या अंतरावर. लेन्स त्यातला किती तुकडा कापून घ्यायचा एवढंच ठरवते. थोडी आकडेमोड केली की हे लख्ख दिसतं. आठ जणांची नाव साधारण अठरा मीटर लांब. ती दोनशे मीटरवरून आडवी चालली असेल तर तुमच्या डोळ्याशी सुमारे पाच अंशांचा कोन करते. ग्राउसचा माथा इथून साधारण दहा किलोमीटरवर, आणि पाण्यापासून माथ्यापर्यंत त्याचा कोन साडेसहा अंशांचा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 135 मिमीची लेन्स रुंदीला सुमारे पंधरा आणि उंचीला दहा अंश धरते. म्हणजे नाव फ्रेमच्या रुंदीचा तिसरा हिस्सा व्यापते आणि डोंगर उंचीचे दोन तृतीयांश. नाव छोटी, पण माणसं मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि मागे भिंतीसारखा डोंगर.

आता तीच नाव पन्नास मीटरवर येऊ द्या. तिचा कोन वीस अंशांवर गेला, 135च्या फ्रेममध्ये ती मावत नाही, म्हणून तुम्ही 35 मिमीची लेन्स लावता. फ्रेममध्ये नाव साधारण पूर्वीएवढीच दिसते. पण डोंगर अजूनही साडेसहा अंशांचाच आहे, आणि फ्रेमची उंची आता अडतीस अंशांची झाली. डोंगर एक षष्ठांशावर आला. टेकडी वाटावी एवढा. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा साधारण 24 मिमीच्या लेन्सएवढं पाहतो. त्यात तोच ग्राउस उंचीचा आठवा हिस्सा उरतो, आणि प्रवासातून परतलेला माणूस म्हणतो, ‘प्रत्यक्षात डोंगर केवढे होते, फोटोत आलेच नाहीत.’ दोष मोबाइलचा नसतो. जवळ जाण्याची आपली सवय इथे नडते. डोंगर मोठा हवा असेल तर नावेपासून लांब सरकायचं आणि मगच झूम करायचं.

याच हिशेबात बंदरही बसवून पाहा. मोठं मालवाहू जहाज सव्वादोनशे मीटर लांब. ते एक किलोमीटरवर नांगर टाकून आडवं उभं असेल तर जवळजवळ तेरा अंश खातं, म्हणजे 135ची फ्रेम या काठापासून त्या काठापर्यंत भरत आली. पण पाण्यावर त्याची उंची वीसेक मीटर धरली तर कोन होतो जेमतेम एक अंश. जहाज फ्रेम आडवी भरून टाकतं आणि डोंगराला हातही लावत नाही. सर्वांत खाली नाव, तिच्या मागे लोखंडाचा लांबलचक पट्टा, वर जंगल आणि बर्फ. हा थर मध्ये असला म्हणजे नावेच्या नाजूकपणाबद्दल शब्द खर्च करावे लागत नाहीत.

त्या लोखंडी पट्ट्याचा रंगही पाहण्यासारखा असतो. व्हँकूवर हे मुख्यतः माल बाहेर पाठवणारं बंदर: कोळसा, गहू, कडधान्य, पोटॅश, गंधक. धान्य आणि खनिजं न्यायला आलेली जहाजं बरेचदा रिकामी येतात आणि पाण्यावर उंच तरंगतात. त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारा त्यांचा तांबडा रंग उघडा पडतो. तेच जहाज माल भरून निघालं की तांबडा पट्टा पाण्यात बुडालेला असतो. राखाडी सकाळी ही तांबडी रेघ आणि तो पिवळा ढीग एवढेच काय ते रंग. ते कापून टाकलेत तर उरतो निळा-करडा कॅलेंडरछाप फोटो. शिवाय आपला या धक्क्यांशी अगदीच संबंध नाही असंही नाही. सस्कॅचवान प्रांतातल्या खाणींमधला पोटॅश नॉर्थ व्हँकूवरच्या धक्क्यावरूनही जहाजांत चढतो, आणि भारत त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी आहे. उसाला, द्राक्षाला पालाश म्हणून जे पोतं आपल्याकडे फोडलं जातं, त्यातलं काही या डोंगरांच्या पायथ्याहून आलेलं असू शकतं. मसुरीच्या डाळीचीही तीच कथा.

प्रकाशाची गोष्ट सरळ वाटते, पण तिच्यात एक मेख आहे. दक्षिण काठावरून डोंगर पाहायचे तर कॅमेरा उत्तरेकडे रोखावा लागतो. व्हँकूवर एकोणपन्नास अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर. तिथे सूर्य डोक्यावर कधी येतच नाही. डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश चढतो. मुंबईत त्याच दिवशी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर तिरपा प्रकाश तुमच्या पाठीमागून येऊन समोरच्या दक्षिणेकडच्या उतारांवर पडतो. ऐकायला छान. पण दिवस उरतो आठ तासांचा, त्यातही बहुतेक वेळ पाऊस, आणि डोंगर दिवसेंदिवस ढगात.

मग उन्हाळ्यात जावं? जूनमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं, नावा तेव्हाच पाण्यात उतरतात, आरशासारखं पाणी असतं. मेख इथेच आहे. जूनमध्ये सूर्य पूर्वेला उगवत नाही, बराच ईशान्येला सरकून उगवतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला, थोडा समोरच. डोंगरांचा तुमच्याकडचा उतार त्या वेळी सावलीत असतो. तो उजळेपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात, तोवर नावा शेडमध्ये गेलेल्या असतात, वारा सुटलेला असतो आणि पाण्यावर सुरकुत्या पडलेल्या असतात. जूनच्या पहाटे म्हणूनच डोंगर सपाट निळे येतात, पुठ्ठ्यातून कापून लावल्यासारखे. तेही वाईट नाही. कडेने उजळलेली वल्ही त्यावर उठून दिसतात. पण डोंगराच्या घळी आणि सोंडा हव्या असतील तर विषुवदिनाच्या आसपासचा काळ गाठावा. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य थेट पूर्वेला सातच्या पुढेमागे उगवतो, वल्हवण्याच्या वेळेलाच, आणि प्रकाश डोंगरावरून आडवा सरकतो. दोन्हींत निवड करायची तर मी मार्च घेईन. बर्फ शाबूत असतो. पाऊसही असतो, पण त्याची एक चांगली बाजू आहे: पाऊस हवा धुऊन टाकतो. उलट ऑगस्ट-सप्टेंबरात काही वर्षी वणव्यांचा धूर इतका येतो की डोंगर आहेत हे शहराला सांगावं लागतं.

डोंगर निळे का दिसतात याचं उत्तर याच हवेत आहे. तुम्ही आणि डोंगर यांच्यामध्ये दहा किलोमीटर हवा उभी आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, आणि तो विखुरलेला प्रकाश डोंगरावर पातळ पडद्यासारखा पसरतो. जितकं अंतर जास्त तितका पडदा जाड. म्हणून जवळचं जंगल हिरवं-काळं, ग्राउस निळा आणि मागच्या रांगा फिक्या. हा पडदा संगणकावर ‘डीहेझ’चं बटण दाबून पूर्ण काढून टाकता येतो, आणि नवशिके तो हमखास काढतात. मग डोंगर नावेला येऊन चिकटतात आणि खोलीच नाहीशी होते. थोडा पडदा राहू द्यावा. तोच अंतर सांगतो.

पाण्याचं शास्त्र याहून मजेदार. शांत पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब पडतं, आणि ते मूळ डोंगरापेक्षा नेहमी गडद असतं. पाणी किती प्रकाश परतवतं हे कोनावर अवलंबून. सरळ खाली पाहिलं तर जेमतेम दोन टक्के, म्हणून धक्क्याच्या कडेला तळ दिसतो. साडेसहा अंशांच्या तिरप्या नजरेला मात्र साधारण निम्मा. निम्मा प्रकाश म्हणजे फोटोग्राफरच्या भाषेत एक स्टॉप. प्रतिबिंब डोंगराहून उजळ दिसणारा फोटो कुणी दाखवला तर तो एडिट करताना हात सैल सुटलेला आहे असं खुशाल समजावं. पोलरायझर फिल्टर इथे फारसा कामी येत नाही. पाण्यावरची चमक तो सर्वांत चांगली कापतो ती पृष्ठभागाशी सदतीस अंशांच्या आसपास पाहिल्यावर. दोनशे मीटरवरच्या नावेकडे काठावरून पाहताना तुमची नजर जवळजवळ पाण्याला घासून जाते, तिथे फिल्टर फक्त प्रकाश खातो. कापलीच तर तुम्हाला हवी असलेली झळाळी कापतो.

आता नावेतल्या माणसांकडे येऊ. रोइंगपटू जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतात. खेळ ठाऊक असणाऱ्यांना यात नवल नाही, पण कॅमेरा हातात घेतला की हीच बाब सगळं उलटंपालटं करते. ‘माणूस जिकडे चाललाय तिकडे फ्रेममध्ये जागा सोडा’ आणि ‘माणूस जिकडे पाहतोय तिकडे जागा सोडा’ हे दोन्ही नियम धावपटूला एकाच वेळी लागू होतात. इथे ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. माझा कौल नजरेला. नावेच्या मागे जागा सोडावी, कारण तिथे पाण्यावर वल्ह्यांनी सोडलेल्या भोवऱ्यांची रांग असते. ते भोवरे म्हणजे संघाची हजेरी. सरावात मिनिटाला वीसच्या आसपास ठोके पडतात, म्हणजे तीन सेकंदांना एक. नाव सेकंदाला चार मीटर सरकत असेल तर एका ठोक्यात बारा मीटर. भोवरे एकमेकांपासून सुटे, गोल आणि सारख्या अंतरावर असतील तर संघ जमलेला आहे. एकमेकांत मिसळलेले असतील तर कुणीतरी उशिरा ओढतंय.

चेहरे हवे असतील तर जागा एकच: नावेच्या मागून चालणारी प्रशिक्षकाची मोटरबोट. तिथून आठही चेहरे समोर, फक्त कॉक्सची पाठ. पण मोटरबोटीत कोपर काठावर टेकवू नये. इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. आणि आपल्या बोटीची लाट नावेवर जाऊ देऊ नये. एक झकास फोटो आणि सकाळभराच्या शिव्या, असा सौदा होतो.

क्षण कोणता पकडायचा? बहुतेक जण जोर लावतानाचा पकडतात, चेहरे पिळवटलेले, पाणी उडतंय. मला त्याच्या अर्धा सेकंद आधीचा क्षण जास्त आवडतो. सरकत्या सीटवरून सगळे पुढे आलेत, गुडघे छातीशी, हात ताणलेले, आठही पाती पाण्यावर वीतभर उंच, उभी वळवलेली, पाण्यात शिरायच्या बेतात. टोकांवरून थेंबांच्या सरी गळत असतात. आणि एक गंमत: नाव सर्वांत वेगात असते ती वल्ही हवेत असतानाच. सर्वांची शरीरं मिळून नावेहून कितीतरी जड. ती एका दिशेला सरकली की हलकी नाव त्यांच्या खालून दुसऱ्या दिशेला, म्हणजे पुढे, निसटते. वल्ही पाण्यात शिरताक्षणी तिचा वेग सर्वांत कमी होतो. जोर दिसतो तेव्हा वेग नसतो आणि वेग असतो तेव्हा माणसं जवळजवळ विसावलेली दिसतात.

शटर स्पीडचा हिशेबही यातूनच निघतो. दोनशे मीटरवर, 135 मिमीच्या लेन्सने, सेकंदाला चार मीटर जाणारी नाव 1/500 सेकंदात सेन्सरवर साधारण एका पिक्सेलएवढी सरकते. नाव गोठवायला तेवढं पुरे. पण परत येणारी पाती नावेच्या वेगात स्वतःचा वेग मिळवून दुपटीने धावतात, म्हणून त्यांच्यासाठी 1/1000. याच्या उलट 1/30 ठेवून नावेबरोबर कॅमेरा फिरवला, म्हणजे पॅनिंग केलं, तर नाव टोकदार आणि मागचे धक्के रंगांचे पट्टे होतात. इथे तो पिवळा ढीग पुन्हा कामाला येतो: एक लांब पिवळी फरकाटी. डोंगर मात्र पॅनिंगमध्ये पुसला जातो. दोन्ही एकदम मिळत नाही.

मराठी वाचकाला हा खेळ आठवतो तो बहुधा दत्तू भोकनळमुळे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा जवान पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये तयार झाला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. त्या शर्यती झाल्या तेही पाणी डोंगरांनी वेढलेलं: कोर्कोवादोच्या पायथ्याचं रोद्रिगो दी फ्रेइतास सरोवर. तिथे वाऱ्याने एक अख्खा दिवस वाया घालवला होता. पण ते सरोवर होतं, तरंगत्या गोळ्यांनी लेन आखलेल्या, अंतरं ठरलेली. फोटोग्राफरला आदल्या दिवशी जागा हेरून ठेवता येते. बंदरात लेन नसते. नाव कुठून जाईल हे त्या दिवशीचा वारा, भरती-ओहोटी आणि जहाजं ठरवतात. लायन्स गेट पुलाखालच्या चिंचोळ्या मुखात प्रवाह इतका जोराचा असतो आणि जहाजांची ये-जा इतकी, की वल्ह्यांच्या नावांनी तिकडे फिरकायचंच नाही. सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियमही याच अंगाने जातात: वीस मीटरपेक्षा लहान नावेने अरुंद वाटेतल्या मोठ्या जहाजाच्या आड येऊ नये. अठरा मीटरची नाव त्या नियमात बरोबर बसते.

त्याशिवाय कोल हार्बरमध्ये समुद्री विमानं उतरतात. लाकडाच्या वखारींकडे ओढून नेले जाणारे ओंडके सुटून पाण्यात भटकत असतात. त्यातले काही पाणी पिऊन उभे तरंगतात, वर फक्त हातभर टोक. आणि नावेतल्या माणसांची पाठ पुढे. उजाडण्याआधी निघालेल्या नावेवर पांढरा दिवा हवाच. त्या वेळी काठावरून दिसतात ते फक्त सरकणारे दिवे, आणि दूरच्या धक्क्यांवर रात्रपाळीचा नारिंगी उजेड. तिपाई असेल तर हा वेळ वाया घालवू नये.

फोटोसाठी चांगली असलेली दक्षिण काठावरची एक जागा म्हणजे हार्बर ग्रीन पार्क. तिथे 2012 साली कोमागाता मारूचं स्मारक उभारलं गेलं. 23 मे 1914ला हे जहाज 376 प्रवासी घेऊन याच पाण्यात आलं. बहुतेक पंजाबी शीख, काही मुसलमान आणि हिंदू, सगळे ब्रिटिश प्रजाजन. कॅनडाने मोजक्यांनाच उतरू दिलं. दोन महिने जहाज बंदरात अडकून होतं. पोलिसांना घेऊन चढाई करायला आलेल्या टगबोटीवर प्रवाशांनी कोळशाचे तुकडे फेकले, शेवटी नौदलाची युद्धनौका आणून 23 जुलैला जहाज परत पाठवलं गेलं. परतल्यावर कलकत्त्याजवळ बज बजला गोळीबार झाला आणि वीसेक जण मेले. त्या दोन महिन्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात: डेकवर पगडीधारी माणसांची गर्दी, भोवती पोलिसांच्या आणि बघ्यांच्या लहान नावा. जे दृश्य आपण ‘सुंदर’ म्हणून टिपायला जातो, त्याच पाण्यावर कॅमेऱ्याने हेही नोंदवलं आहे. त्या फोटोंतून कुणी जहाज पुसून नुसता किनारा ठेवला असता तर?

व्हँकूवरच्या जुन्या फोटोग्राफरांना हे कळत होतं. लेनर्ड फ्रँक हा जर्मनीहून सोन्याच्या शोधात आलेला माणूस. सोनं मिळालं नाही, सोडतीत कॅमेरा मिळाला, आणि त्याने पुढची कित्येक वर्षं लाकडाच्या गिरण्या, धक्के, जहाजं यांचे फोटो काढण्यात घालवली. कंपन्यांसाठी काढलेले साधे, स्वच्छ, कामाचे फोटो. आज शहराचा इतिहास लिहिणारे त्यांच्याकडेच जातात. सूर्यास्तांचे फोटो तेव्हाही पुष्कळांनी काढले असतील.

एवढं सगळं जमवून आलेला फोटो त्या संघाला दाखवायला गेलात तर मात्र एक तयारी ठेवा. बर्फ, तांबडं जहाज, पिवळा ढीग, निळे थर यांपैकी कशाकडेही ते पाहणार नाहीत. ते बोटांनी फोटो मोठा करतील, आठही पाती एका रेषेत आहेत का ते तपासतील, आणि तिसऱ्या सीटवरच्याचं पातं इतरांच्या मागे आहे हे सापडलं की पुढचा अर्धा तास वाद त्याच्यावर चालेल.